‘तो नाही हो, तो आमचा’ : जर्मन लोकांना निर्वासितांबद्दल नेमकं काय वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्याहून नोकरीसाठी स्टुटगार्टला येताय. २०१५ साली म्युनिक स्टेशनवर टाळ्या वाजवून निर्वासितांचं स्वागत करणारे जर्मन तुम्ही टीव्हीवर पाहिले होते. आता बघताय तर निर्वासित नकोत म्हणणारा पक्ष २० टक्क्यांच्या वर गेलेला. मग तेव्हाचं ढोंग होतं का? आश्रय मागायला आलेल्यांना इथे जसं वागवतात ते सामान्य लोकांना पटतं का? आणि अगदी शेवटी, जरा चाचरत, तुम्ही विचारलंय की याची झळ व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांना लागते का.

आधी मी कुठे उभी राहून बोलतेय ते सांगते. मी मूळची कोल्हापूरची. रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकले, लग्नानंतर इकडे आले. २०१५ च्या हिवाळ्यात एका शाळेच्या जिम हॉलमध्ये जुने कपडे वाटायला म्हणून गेले, ती अजून त्या कामातून बाहेर पडलेली नाही. आधी फुकट, मग पगारी. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका जिल्ह्यात निर्वासितांच्या वसतिगृहांतून सल्ला द्यायचं माझं काम आहे: पत्रं समजावून सांगणं, फॉर्म भरणं, शाळा, डॉक्टर, भांडणं. त्यामुळे मी सांगते ते एका राज्यातल्या लहान गावांचं. बर्लिनमधला किंवा सॅक्सनीतला माणूस वेगळं सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसेल. गाव किती मोठं, घरांची टंचाई किती, आलेली माणसं कुठल्या देशाची, वसतिगृहात २० जण की ८००, यावर फार काही ठरतं.

आता ढोंगाचं. माझ्या मते लोकांची मतं बदलली त्यापेक्षा त्यांना विचारला जाणारा प्रश्न बदलला. २०१५ चे ते आठ-दहा दिवस आठवा. २७ ऑगस्टला ऑस्ट्रियात हायवेच्या कडेला एक ट्रक सापडला, आत ७१ मृतदेह. २ सप्टेंबरला तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या किनाऱ्यावर आयलान कुर्दी या सीरियन लहानग्याचं प्रेत. बुडापेस्टच्या स्टेशनवर हजारो लोक अडकलेले. तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंनी ४ सप्टेंबरच्या रात्री त्यांना येऊ द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी म्युनिकला गाड्या लागल्या. तेव्हा लोकांपुढचा प्रश्न होता, समोर उभ्या असलेल्या या बाईला पाणी द्यायचं की नाही. त्याला नाही म्हणणारे कुठेही थोडेच. त्या वर्षी जवळपास ८ लाख ९० हजार माणसं आली. हळूहळू प्रश्न झाला, अजून किती, आणि कुणाच्या गावात? याला हो म्हणणारेही कुठे थोडेच असतात. युद्धातून पळालेल्याला आसरा मिळायलाच हवा म्हणणारी आणि आता बास झालं म्हणणारी माणसं वेगवेगळी असतील असं तुम्हाला वाटेल. मला रोज भेटतात ती एकच आहेत. कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही म्हणतात.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती हलतं याचा जाड भिंगातून दिसणारा नमुना म्हणजे हंगेरी. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सरकारने सार्वमत घेतलं. प्रश्न साधारण असा: आमच्या संसदेच्या संमतीशिवाय युरोपियन युनियनने परक्या नागरिकांना हंगेरीत सक्तीने वसवावं, हे तुम्हाला मान्य आहे का? यात निर्वासित राहिले बाजूला, ‘संमतीशिवाय’ आणि ‘सक्तीने’ हे दोन शब्दच सगळं बोलून जातात. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९८ टक्के नाही म्हणाले. पण निम्मे मतदारही धड फिरकले नाहीत, म्हणून सार्वमत कायद्याने बाद झालं.

उलट बाजूने, त्याच वर्षी संशोधकांच्या एका गटाने १५ युरोपीय देशांतल्या सुमारे १८,००० मतदारांपुढे काल्पनिक अर्जदारांच्या जोड्या ठेवल्या आणि यातला कोण घ्याल असं विचारलं. तीन गोष्टी दिसल्या. ज्याच्या हातात काहीतरी हुन्नर आहे तो लोकांना हवा होता. ज्याने छळ सोसलाय आणि ज्याची हकीकत जुळते तोही हवा होता. आणि मुसलमानापेक्षा ख्रिस्ती हवा होता. कीव, हिशोब आणि पूर्वग्रह, तिन्ही एका ताटात. हे वाचलं तेव्हा मला काही नवं वाटलं नाही, कारण माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत ते तिन्ही रोज येऊन बसतात.

एक प्रसंग सांगते. २०२३ च्या शरदात आमच्या जिल्ह्यातल्या चारेक हजार वस्तीच्या एका गावात ८० माणसांसाठी राहायचे कंटेनर बसवायचं ठरलं, फुटबॉलच्या मैदानाला लागून. गावाची सभा बोलावली. आपल्या ग्रामसभेसारखीच, फक्त चहाऐवजी सोड्याच्या बाटल्या. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे. मी जिल्ह्याच्या बाजूने टेबलामागे. अडीच तासांत आलेले प्रश्न मी वहीत उतरवून घेतले होते. बालवाडीत आमच्याच पोरांना जागा नाही, त्यांना कुठली देणार? गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरबाई जूनमध्ये निवृत्त होतायत, जिल्ह्याला माहीत आहे का? सातनंतर बस नाही, मग ही ८० माणसं संध्याकाळी करणार काय? सगळे तरुण पुरुषच असणार का? आणि तुम्ही आम्हाला विचारताय की सांगताय? या शेवटच्या प्रश्नाला टाळ्या पडल्या. निर्णय आधीच झालेला होता. महापौरांनी ते गोलगोल सांगितलं आणि सभा तिथेच हातातून गेली. उघड शिवीगाळ करणारे दोन-तीनच होते. बाकीचे दीड-दोनशे लोक, आपल्या गावाचं कुणी मालक उरलंय का, ते चाचपायला आले होते.

त्या सभेत सगळ्यात मोठ्या आवाजात बोलला तो छपरं घालणारा एक ठेकेदार. हाताखाली सहा माणसं. ‘आमचं गाव म्हणजे गोदाम नाही,’ असं म्हणून खाली बसला. पाच आठवड्यांनी तोच माणूस माझ्या ऑफिसात, बुटांना चिखल, हातात प्लॅस्टिकची फाइल. त्याच्याकडे गांबियाचा एक पोरगा शिकाऊ कामगार होता. इथे तीन वर्षं कारखान्यात किंवा कारागिराकडे शिकायचं आणि आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जायचं, अशी पद्धत आहे. पोराचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता. त्याच्याकडे होती ‘डुल्डुंग’. म्हणजे राहायचा परवाना नव्हे, तूर्त तुला हाकलत नाही एवढंच सांगणारा कागद. २०१६ पासून कायदा असा की शिकाऊ करार असेल तर शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढे नोकरीची दोन वर्षं राहता येतं, पण ओळख पटवणारी कागदपत्रं वेळेत द्यावी लागतात. ती अडली होती. ठेकेदाराने पोराच्या वतीने स्वतः अकरा पत्रं लिहिली होती, सगळी तारीखवार लावलेली. मी म्हटलं, सभेत तर तुम्ही वेगळं बोलत होतात. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, ‘तो नाही हो. तो आमचा. मी बाकीच्यांबद्दल बोलत होतो.’

बाकीचे म्हणजे कोण, हे त्याला सांगता आलं नाही, आणि मीही ताणलं नाही. पुढे कागद मिळाले, पोरगा परीक्षा पास झाला. ठेकेदार अजूनही कंटेनरच्या विरोधात आहे. बाजारात भेटला की आवर्जून सांगतो. हा माणूस ढोंगी आहे असं मला वाटत नाही. ओळखीच्या माणसाबद्दल एक मन आणि बातमीतल्या आकड्याबद्दल दुसरं मन, ही त्याची अवस्था. बहुतेक देशाची तीच आहे.

आता वागवण्याबद्दल. इथेच खरी गोम आहे, म्हणून जरा वेळ घेते.

आश्रयाचा हक्क इथे घटनेत आहे. १९४९ पासून. नाझी काळात जर्मनीतून पळालेल्यांना देशोदेशी दारं बंद मिळाली, ती आठवण त्यामागे. पण अर्ज केल्यावर माणसाच्या वाट्याला येते ती मुख्यतः वाट पाहणं. आमच्या राज्यात तीन टप्पे: आधी राज्याचं मोठं केंद्र, मग जिल्ह्याचं वसतिगृह, मग गावाची खोली. कायद्यात माणशी ७ चौरस मीटर जागा लिहिलेली. २०१५ नंतरच्या गर्दीत ती अट साडेचारवर आणली होती. साडेचार चौरस मीटर म्हणजे एक खाट, एक लोखंडी कपाट आणि दोघांमधून आडवं होऊन जायची वाट. सुरुवातीचे तीन महिने काम करायला बंदी. मोठ्या केंद्रात असाल तर सहा महिने, २०२४ च्या आधी तर नऊ. त्यानंतरही परवानगीचा कागद, त्यावर शिक्का, त्यासाठी अपॉइंटमेंट.

याचा परिणाम काय होतो? गावकऱ्याला दिसतात ते बसथांब्यावर दुपारी तीन वाजता बसलेले सहा तरुण. बघा, यांना काम नको. अरे बाबा, काम करायला बंदी तुझ्याच सरकारने घातलीय, हे त्या बाकावर कुठे लिहिलेलं नसतं. पुढे हीच माणसं कामाला लागतात. २०१५ साली आलेल्यांपैकी सात वर्षांनी ६४ टक्के नोकरीत होते, बायकांचं प्रमाण मात्र फार कमी. पण एकदा कामाला लागला की तो लोकांच्या हिशोबात निर्वासित उरतच नाही, बसचा ड्रायव्हर होतो. मागे बाकावर उरतात ते नवे. म्हणजे रिकामे बसलेलेच सतत दिसतात, आणि तेच कायमचे असं वाटतं.

दातांची गोष्ट घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रीडरिश मेर्त्स, तेव्हा विरोधी पक्षनेते, आता चॅन्सलर, टीव्हीवर म्हणाले की अर्ज फेटाळलेले निर्वासित डॉक्टरकडे बसून दात नवे करून घेतात आणि शेजारच्या जर्मन माणसाला अपॉइंटमेंट मिळत नाही. कायदा काय आहे? सुरुवातीच्या काळात फक्त तीव्र दुखणं आणि वेदना यांवरच उपचार. हा काळ आधी १८ महिने होता, २०२४ मध्ये ३६ केला. कृत्रिम दात तर अगदीच टाळता येत नसेल तरच. माझ्यासमोर जे येतात त्यांचा दात काढून टाकतात. वाचवायचा तर पैसे कोण देणार याच्या पत्रव्यवहारात तो कधीच पडलेला असतो. पण मेर्त्स यांच्या बोलण्यातली अर्धी गोष्ट खरी होती, म्हणून ती लागली: जर्मन माणसाला अपॉइंटमेंट खरोखरच मिळत नाही. माझ्या सासूबाईंना त्वचेच्या डॉक्टरची पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. दुखणं खरं, कारण चुकीचं. घरभाड्याचं तसंच, बालवाडीचं तसंच. निर्वासित यायच्या आधीच घरं कमी बांधली जात होती, पण रांगेत शेवटी जो येऊन उभा राहतो तोच डोळ्यांवर येतो.

पैशांचं कार्ड हा आणखी एक विषय तुमच्या कानावर येईल. २०२५ मध्ये एकट्या अर्जदाराला महिन्याला जास्तीत जास्त ४४१ युरो मिळत होते, सामायिक वसतिगृहात त्याहून कमी. हे पैसे लोक मायदेशी पाठवतात म्हणून ओरड झाली आणि २०२४ पासून ते रोख न देता कार्डावर द्यायला सुरुवात झाली. हॅम्बुर्ग पहिलं, मोठ्या माणसाला महिन्याला ५० युरो रोख काढता येतात. बहुतेक जनमत चाचण्यांत लोकांनी याला भरघोस पाठिंबा दिला. माझं स्वतःचं मत विचाराल तर कार्ड मुळात वाईट नाही. पहिल्या तारखेला काउंटरवर रोख मोजत बसणं आमच्यासाठीही डोकेदुखी होती आणि त्या रांगेत उभं राहणं त्यांच्यासाठी अपमान. वाईट आहे ती ५० ची मर्यादा. शाळेची सहल, बाई म्हणतात सात युरो रोख आणा. जुना बाजार, जिथे तीन युरोत मुलाची हिवाळी पँट मिळते, तिथे कार्ड चालत नाही. मग अनेक शहरांत लोकांनी तोड काढली. निर्वासिताने कार्डावर सुपरमार्केटचं कुपन घ्यायचं, कुणीतरी जर्मन ते तेवढ्याच रोख पैशांत विकत घेतो आणि आपला किराणा त्यावर भरतो. माझ्या ओळखीची ७९ वर्षांची एक आजी हे दर आठवड्याला करते. कार्ड आणणाऱ्या पक्षालाच ती आयुष्यभर मत देत आली आहे. विचारलं तर म्हणते, ‘नियम बरोबर आहे, पण पोराला पँट हवी ना.’

ही आजी सिलेशियातून, म्हणजे आताच्या पोलंडमधून, १९४६ साली आईच्या कडेवर आलेली. युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेले काही दशलक्ष जर्मन पश्चिमेत आले, जर्मन बोलणारे, जर्मन आडनावांचे, तरी गावकऱ्यांनी त्यांना नीट घेतलं नाही. ‘आम्हाला बटाटेचोर म्हणायचे,’ असं ती सांगते. तेव्हा २०१५ हे एकदाच आलेलं पुण्य आणि आताचं एकदाच आलेलं पाप, अशी गोष्ट नाही. १९९२ मध्ये ४ लाख ३८ हजार अर्ज आले होते. त्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकला जमावाने वसतिगृहाला आग लावली आणि हजारो लोक बघत उभे राहिले. डिसेंबरमध्ये म्युनिकला लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. पुढच्या मे महिन्यात संसदेने आश्रयाचा हक्क आवळला आणि तीनच दिवसांनी सोलिंगनला एका तुर्की कुटुंबातल्या पाच जणी जळून मेल्या. मेणबत्त्या आणि काडेपेट्या इथे तेव्हाही सोबतच होत्या.

आणि कायद्याची एक तिसरी बाजू असते, जी मतदानावर हलत नाही. अर्जदारांना मिळणारे पैसे १९९३ पासून जवळजवळ वाढवलेच नव्हते. २०१२ मध्ये घटना न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं आणि लिहिलं की माणसाची प्रतिष्ठा स्थलांतराच्या धोरणासाठी कमीजास्त करता येत नाही. आमच्या ऑफिसात एकाने हे वाक्य प्रिंटरच्या वर चिकटवलंय. प्रिंटर बहुधा बंद असतो.

लोक नेमके कशाने दमतात हे समजून घ्यायला मला जर्मनीपेक्षा लेस्बॉस जास्त उपयोगी पडतं. ग्रीसचं हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. २०१५ मध्ये तिथल्या आज्यांनी ओल्या बाळांना बाटलीने दूध पाजलं. त्यातल्या एकीचं नाव पुढच्या वर्षी शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं गेलं. मग मार्च २०१६ मध्ये युरोपियन युनियन आणि तुर्कस्तानचा करार झाला आणि बेटावर उतरलेले बेटावरच अडकले. मोरियाची छावणी तीनेक हजारांची, २०२० च्या सुरुवातीला तिथे आणि आसपासच्या ऑलिव्हच्या बागांत वीस हजारांच्या घरात लोक. सरकारने नवी बंदिस्त छावणी बांधायला घेतली तेव्हा त्याच बेटावरचे गावकरी दंगल-पोलिसांच्या अंगावर गेले. सप्टेंबरमध्ये मोरिया जळून खाक झाली. पाच वर्षांत त्या माणसांचं मन दगडाचं झालं का? काहींचं झालंही असेल, तिथे स्वयंसेवकांना मारहाणही झाली. पण जास्त करून ती चीड अथेन्स आणि ब्रसेल्सवरची होती: आम्ही पहिले काही महिने निभावलं, तर तुम्ही ते कायमचं आमच्यावर टाकून गेलात. माझ्या चारेक हजार वस्तीच्या गावातला तो प्रश्न, विचारताय की सांगताय, याच जातीचा.

म्हणून आकडा खाली आला की राग खाली येतो असं होत नाही. २०२३ मध्ये जर्मनीत ३ लाख २९ हजार पहिले अर्ज आले, २०२४ मध्ये ते २ लाख ३० हजारांवर उतरले. तरी फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडीला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या निर्वासित नकोत म्हणणाऱ्या पक्षाला, २०.८ टक्के मतं, २०२१ च्या दुप्पट. मधल्या काळात काय झालं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सोलिंगनच्या जत्रेत सुऱ्याने तिघांना मारलं. मारणारा सीरियन, त्याचा अर्ज फेटाळलेला, त्याला आधीच बल्गेरियाला पाठवायचं होतं, ते जमलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये आशाफेनबुर्गला बागेत बालवाडीच्या मुलांवर हल्ला झाला, दोन वर्षांचं पोर गेलं. त्या आठवड्यात आमच्या वसतिगृहातल्या अफगाण बायका मुलांना बागेत न्यायला घाबरत होत्या आणि गावातल्या जर्मन आयाही. दोघींना भीती एकमेकींची. हे हल्ले झाले नसते तर जनमत इतकं वळलं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्या माणसाला पाठवायचं ठरलं तो राहतो आणि ज्या गांबियाच्या पोराला ठेवायचं सगळं गाव म्हणतं त्याला नोटीस येते, हे बघून लोकांचा व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. ती चीड मी समजू शकते. ती बाकावरच्या सहा जणांवर निघते, ते मला समजत नाही.

ओळख झाली की द्वेष जातो असं पुष्कळ जण सांगतात. बऱ्याच अंशी खरं आहे. परदेशी लोक कमी असलेल्या, पूर्वेकडच्या थ्युरिंगिया राज्यात २०२४ मध्ये एएफडी ३२.८ टक्क्यांसह पहिली आली. पण मग पश्चिमेतलं गेल्सनकिर्शेन बघा: खाणी गेल्या, कारखाने गेले, परदेशी भरपूर, आणि तिथेही तो पक्ष जोरात. नुसती ओळख पुरत नाही. ओळख होते त्या गावात डॉक्टर आणि बस असायला लागते.

कोण आलं यावरही फार असतं, हे युक्रेनने दाखवलं. मार्च २०२२ मध्ये युरोपियन युनियनने २००१ पासून पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदा वापरला: ना मुलाखती, ना वाट पाहणं, लगेच काम करायची मुभा. दहा लाखांवर युक्रेनियन जर्मनीत आले. माझ्या वसतिगृहात तेव्हा एका मजल्यावर युक्रेनियन आणि खालच्या मजल्यावर तीन वर्षं निकालाची वाट पाहणारे सीरियन होते. खालच्यांनी मला विचारलं, आमच्यावर बॉम्ब टाकणारी विमानंही त्याच रशियाची होती ना? उत्तर मला देता आलं नाही. पोलंडने त्या वसंतात घरं उघडून लाखोंना घेतलं. त्याच पोलंडने काही महिने आधी बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात इराकी आणि अफगाण लोकांना थंडीत मागे ढकललं होतं. मी कोल्हापूरची असल्याने पोलंडचं मला जास्त लागतं. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे आलेली. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, लहानपणी आम्ही त्याच्याभोवती पकडापकडी खेळायचो. एका पोलिश सहकाऱ्याला मी हे सांगितलं. त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘हो, पण ते परत गेले ना.’

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ऑफिसात तुम्हाला काही जाणवणार नाही. उलट तुम्हाला कौतुकाने सांगतील की तुम्ही ‘नियमाने’ आलात. हे ऐकायला गोड लागतं आणि आपल्याकडचे बरेच जण ते खरं मानून चालतात. इथल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निर्वासितांबद्दल जे फिरतं ते मी कुठल्या गावसभेतही ऐकलेलं नाही. पण लक्षात ठेवा, २००० साली आयटीवाल्यांना ग्रीन कार्ड द्यायचं ठरलं तेव्हा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या एका उमेदवाराच्या प्रचारातून ‘इंडरऐवजी किंडर’ अशी घोषणा गाजली. म्हणजे भारतीय आणण्यापेक्षा आपली मुलं शिकवा. ती निवडणूक ते हरले, घोषणा मात्र राहिली. आणि ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतल्या म्युगेल्न गावच्या जत्रेत जमावाने आठ भारतीयांचा पाठलाग केला. ते एका पिझ्झाच्या दुकानात कोंडून घेऊन वाचले. त्यांच्या खिशात कुठला व्हिसा आहे हे कुणी विचारलं नव्हतं. रोजच्या जगण्यात तुम्हाला भीती बाळगायचं कारण नाही. पण ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे वाक्य रात्री अकराच्या ट्रेनमध्ये कुणाला दाखवता येत नाही.

लोक खरं काय विचार करतात ते बघायचं असेल तर बातम्यांपेक्षा तुमच्या गावाच्या पालिकेची पुढची सभा गाठा, सगळ्यांना खुली असते. आणि निर्वासितांना कसं वागवलं जातं ते बघायचं असेल तर मदतमंडळात जा. २०१५ पासून टिकलेली अशी मंडळं बहुतेक गावांत आहेत, आता सरासरी वय सत्तरीचं, नवी माणसं त्यांना हवीच आहेत. जर्मन बेतास बात असली तरी चालते. पत्रं वाचून दाखवायला कुणीतरी लागतं. एवढं मात्र पाठ करून जा: पिवळं पाकीट आलं तर ते फेकू देऊ नका. पोस्टमनने त्या पाकिटावर हाताने तारीख लिहिलेली असते आणि कोर्टात जायची मुदत तिच्यापासून मोजतात, साधारण दोन आठवडे, काही प्रकारच्या नकारांत एकच. बहुतेक जण आतला कागद जपून ठेवतात आणि पाकीट कचऱ्यात टाकतात.